विमानयुद्धाचा पहिला डाव कसा मांडावा

‘विंग्स ऑफ ग्लोरी’ हा टेबलावर पत्त्यांनी खेळायचा विमानयुद्धाचा खेळ घ्यावा का, असं कॉलनीतली मुलं मला विचारतात, आणि मुलांपेक्षा जास्त त्यांचे बाबा. माझी नोकरी ओझर मिगला, म्हणजे नाशिकजवळच्या विमान कारखान्यात, तपासणी विभागात झाली. त्यामुळे विमानाचं काहीही निघालं की ‘मावशींना विचारा’ असं ठरलेलं. माझं उत्तर एकच: जरूर घ्या, पण पहिला डाव विचार करून मांडा. या खेळाची खरी गंमत एका गोष्टीत आहे. पहिल्याच बैठकीत सगळे नियम ओतले, तर नेमकी तीच हाताला लागत नाही.

ओझरला सुखोई बघत वाढलेल्या मुलांना आधी सांगून टाका, यात रडार नाही, क्षेपणास्त्र नाही. ही पहिल्या महायुद्धातली लाकडी सांगाड्याची, कापडाने मढवलेली विमानं. 1915 मध्ये फोकर या जर्मन कंपनीच्या एकपंखी विमानावर एक यंत्रणा बसली, तिच्यामुळे मशीनगनची गोळी फिरत्या प्रोपेलरच्या पात्यांमधून सुटायला लागली. तेव्हापासून वैमानिकाने बंदूक रोखायची नाही, अख्खं विमानच रोखायचं. हे मुलांच्या डोक्यात बसलं की निम्मे नियम समजावून सांगावे लागत नाहीत. एक आसनी विमानाच्या नाकापुढे छापलेला कोन, त्याच कोनात मारा, बाकी कुठेही नाही.

हा खेळ इटलीच्या आंद्रेआ अँजोलिनो आणि पिएर जोर्जो पालिया यांनी रचला. 2004 साली तो आधी ‘विंग्स ऑफ वॉर’ या नावाने आला. प्रत्येक विमानाचा स्वतःचा पत्त्यांचा कॅट असतो: सरळ, हलकं वळण, तीव्र वळण, इमेलमन (म्हणजे गर्रकन उलट दिशेला फिरणं). फेरीच्या सुरुवातीला प्रत्येकाने तीन पत्ते निवडून पालथे ठेवायचे. मग सगळ्यांनी एकदम पहिला उलटायचा, विमानं हलवायची, टप्प्यात असेल त्याच्यावर मारा करायचा. मग दुसरा, मग तिसरा.

गंमत इथेच आहे. बुद्धिबळात समोरच्याची चाल बघून आपली चाल करता येते. इथे पत्ते पालथे पडले की मागे फिरणं नाही. ‘माझ्या हातात काहीच राहत नाही’ अशी काही जण तक्रार करतात. मला ती अजिबात पटत नाही, कारण अंदाज बांधायला नियमच मदत करतात. दोन तीव्र चाली लागोपाठ टाकता येत नाहीत. इमेलमनच्या आधीही सरळ पत्ता लागतो आणि नंतरही सरळच. समजा, फेरीच्या तिसऱ्या पत्त्याला समोरच्याने इमेलमन टाकली. म्हणजे पुढच्या फेरीचा त्याचा पहिला पत्ता सरळ असणार, हे तुम्हाला त्याने न सांगता कळलं. तो कुठे येऊन थांबेल ती जागा बोटाने मोजा आणि आपलं नाक तिकडे वळेल असा पत्ता ठेवा. मुलांना हे एकदा करून दाखवाच. त्यानंतर ती पत्ते नुसते निवडत नाहीत, समोरच्याचा चेहरा वाचायला लागतात.

आता मांडणी. सनमायकाच्या टेबलावर पत्ते घसरतात. जाड सुती चादर ताणून कडांना क्लिपा लावा. एप्रिल-मेमध्ये नाशिकला पंखा बंद करून बसवत नाही आणि पंख्याखाली पत्ते उडतात, म्हणून उन्हाळ्यात आम्ही सकाळी लवकर खेळतो. छोटी विमानं असलेला संच असेल तर ती जागची हलत नाहीत, पण चालीचे पत्ते तेव्हाही हलकेच.

विमान हलवणं हा या खेळाचा सगळ्यात नाजूक भाग. चालीचा पत्ता विमानाच्या पुढच्या कडेला चिकटवून ठेवायचा, एका बोटाने दाबून धरायचा, विमान उचलायचं आणि त्याच्या मागच्या कडेवरची खूण पत्त्यावरच्या बाणाच्या टोकाला जुळवायची. ही जुळणी दोन अंशांनी तिरकी झाली तर वीस सेंटिमीटरवर सात मिलिमीटरचा फरक पडतो. तेवढ्यात माराही चुकतो आणि भांडणही जुंपतं. हा या खेळाचा खरा दोष आहे आणि तो नियमांनी सुटत नाही. त्यावर माझा उपाय म्हणजे सगळ्यांची विमानं एकाच माणसाने हलवायची, दुसऱ्याने वरून सरळ बघून ‘ठीक’ म्हणायचं, आणि तो शब्द शेवटचा.

दोघांनीच खेळू नका. दोन सारख्या विमानांचा डाव लवकरच गोल गोल फिरण्यात अडकतो, शेपटीमागे शेपटी. चौघं घ्या, दोन विरुद्ध दोन. जोडीदारांनी पत्ते ठेवताना एकमेकांशी बोलायचं नाही, कारण त्या काळी बहुतेक लढाऊ विमानांत रेडिओच नव्हता. एका बाजूला दोन आसनी टेहळणी विमान दिलंत तर आणखी बरं. टेबलाच्या मध्यावरच्या एका ठिकाणाचा फोटो काढून त्याने परत यायचं. मागच्या आसनावरचा गनर मागे मारा करतो, त्यामुळे शेपटी पकडण्याची युक्ती तिथे चालत नाही आणि सगळ्यांना नव्याने विचार करावा लागतो.

नुकसानीचे पत्ते मला फार आवडतात. लांबून मारा लागला तर एक, जवळून दोन. आकडा फक्त ज्याला मार बसला तोच बघतो. समोरच्याचं विमान कितपत खिळखिळं झालंय हे कळत नाही. धूर किंवा आग लागली तर तेवढं मात्र जाहीर करावं लागतं. आग निघाली की मी मुलांना सांगते की ब्रिटिश वैमानिकांना तेव्हा पॅराशूटही दिलेलं नसे. पण याच कॅटमध्ये स्फोटाचा पत्ता आहे. तो आला की विमान तिथेच संपलं, मग पहिल्याच माऱ्याला का असेना. दहा वर्षांचं पोर मग तासभर नुसतं बघत बसतं. सुरुवातीला तो पत्ता सरळ काढून ठेवा.

विमानं निवडताना ब्रिटिश एस.ई.5ए विरुद्ध जर्मन फोकर डी.7 ही जोडी घ्या. कोलकात्यात जन्मलेले इंद्रलाल रॉय ब्रिटिश हवाई दलाच्या 40 व्या स्क्वॉड्रनमधून एस.ई.5ए उडवत. जुलै 1918 मध्ये दोन आठवड्यांच्या आत त्यांनी दहा विजय मिळवले आणि 22 जुलैला फोकर डी.7 विमानांशी लढताना ते पडले. वय अवघं एकोणीस. आपल्या मुलांना हे नाव माहीत असलंच पाहिजे, आणि टेबलावर ते विमान हातात असताना सांगितलेलं विसरलं जात नाही.

सगळ्यात मोठी उणीव उंचीची. जर्मन वैमानिक ओस्वाल्ड बोल्केने 1916 मध्ये जे नियम घालून दिले, त्यांतला पहिलाच असा: आधी वरचढ जागा मिळवा, जमल्यास सूर्य पाठीशी ठेवा. साध्या नियमांनी खेळताना टेबलावर ना वर आहे ना सूर्य. विमान आयुष्यभर जवळून बघितलेल्या माणसाला हे खटकतंच. उंचीचे ऐच्छिक नियम आहेत, पण ते घेतले की प्रत्येक विमानाचा चढ-उतार वेगळा मोजावा लागतो आणि डावाचा वेग मंदावतो. नवख्यांचं लक्ष समोरच्याच्या पत्त्यांवरून उडून मोजणीत जातं. म्हणून ते पान सुरुवातीला उघडू नका. ‘वरून झडप घालता येत नाही का?’ असं एखादं पोर स्वतःहून विचारेल, त्या दिवशी उघडा. आणि तेव्हाच स्फोटाचा पत्ताही परत कॅटमध्ये घालून नीट पिसा.