निसर्ग शिबिरात इंटर्न म्हणून जाताय? या चुका टाळा

दिवाळीनंतर सह्याद्रीत शाळांच्या निसर्ग शिबिरांचा हंगाम सुरू होतो आणि संस्थांना इंटर्न हवे असतात. येणारी मंडळी प्राणिशास्त्र, पर्यावरणशास्त्र किंवा समाजकार्य शिकलेली असतात, वाचून-तयारी करून येतात. घोळ असा होतो, की तयारी बोलायची असते आणि मुलांना तर बघायचं असतं.

नाव सांगून मोकळं होणं

भीमाशंकरच्या जंगलात सहावीतला मुलगा वर बोट दाखवून विचारतो, "दादा, ते काय?" आपण लगेच सांगतो, "शेकरूचं घरटं. शेकरू आपला राज्यप्राणी, त्याच्यासाठीच १९८५ साली हे अभयारण्य झालं." सगळं बरोबर. पण मुलगा "अच्छा" म्हणतो आणि पुढे निघतो. त्याऐवजी "आणखी कुठे दिसतंय का असं?" एवढंच विचारा. आसपास तशीच घरटी सापडायला लागली की प्रश्न त्याच्याकडूनच येतो: एका शेकरूला इतकी घरं कशाला?

मला यासाठी सर्वांत आवडणारी जागा म्हणजे देवळाच्या ओट्याजवळची कोरडी, भुसभुशीत माती. तिथे नरसाळ्यासारखे बोटभर खड्डे असतात. गटाला भोवती बसवा आणि गप्प राहा. कुणीतरी गवताची काडी घालतंच. तळातून मातीचे कण उडतात, मुलं दचकून मागे सरतात. मग चुकून एखादी मुंगी आत घसरते, वर चढू बघते, खालून पुन्हा माती उडते आणि ती जबड्यात सापडते. आता कुणाला शांत बसा म्हणावं लागत नाही. खड्डे छपराखाली, आडोशालाच का, हे मुलं आपसात वाद घालून शोधतात. पावसापर्यंत येऊन पोचतातच. हा किडा म्हणजे अँटलायनची अळी आणि पुढे पंख फुटून तो चतुरासारखा दिसतो, हे सगळ्यांत शेवटी सांगा.

नाव येत नसेल तर ठोकून देऊ नका. "मलाही माहीत नाही, चित्र काढून ठेव, रात्री पुस्तकात शोधू" हे ऐकून मुलांचा तुमच्यावरचा विश्वास वाढतो. आणि रात्री खरंच पुस्तक उघडा. मुलं विसरत नाहीत.

आदल्या दिवशी वाट न चालणं

चार मित्रांसोबत केलेली वाट चाळीस मुलांना चालेलच असं नाही. सावली कुठे, पाणी कुठे, मुलींच्या स्वच्छतागृहाची सोय कुठे, गाडी कुठपर्यंत येते, हे स्वतः चालूनच कळतं. हिवाळ्यात वाटेकडेला खाजकुइलीच्या शेंगा वाळलेल्या असतात, मखमलीसारख्या दिसतात म्हणून मुलं हमखास हात लावतात. त्या कुठे आहेत हे आधीच हेरून ठेवा. कुसं लागलीच तर चोळू द्यायचं नाही, चिकटपट्टी लावून अलगद उचलायची.

धोक्याबद्दल अर्धवट माहिती

कड्यावर आग्या मोहोळ असेल तर तिथे धूर, दगड, आरडाओरडा आणि अंगावर मारलेले सुगंधी स्प्रे, यातलं काहीही नको. माश्या उठल्याच तर हात न झटकता, तोंड झाकून तिथून लांब पळायचं. हे मुलांना पायथ्याशीच सांगा, वर पोचल्यावर ऐकायच्या मनःस्थितीत कुणी नसतं.

सापांबद्दल बोलताना नाग, घोणस, फुरसे सगळे आठवतात आणि मण्यार राहून जातो. शिबिरासाठी तोच महत्त्वाचा. तो रात्री फिरतो, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावू शकतो आणि चावल्याचं कित्येकदा जाणवतही नाही. म्हणून अंथरुणं भिंतीपासून दूर, सामान बंद बॅगेत आणि रात्री बाहेर पडताना पायात बूट, हातात टॉर्च. पहाटे एखादं मूल पोटात दुखतंय, पापण्या जड झाल्यात म्हणालं तर अपचन समजून ओवा देत बसू नका. चावा असो वा नुसता संशय, मुलाला हलू न देता १०८ ला फोन करा किंवा थेट सरकारी रुग्णालय गाठा. आवळून बांधणं, चिरा देणं, मंत्राने विष उतरवणं, सगळं बंद. प्रतिसर्पविष कोणत्या रुग्णालयात आहे याची चौकशी शिबिराआधीच झालेली असली पाहिजे.

गावाला स्वयंपाकापुरतं धरणं

याचं मला मनापासून वाईट वाटतं. "लोक जंगल तोडतात, आपण वाचवायचं" असं शहरी मुलांपुढे बोललं जातं आणि पलीकडे चुलीशी बसलेली गावातली मावशी ते ऐकत असते. भीमाशंकरजवळच्या आहुपे गावाची देवराई पिढ्यान्‌पिढ्या राखली ती गावानेच. हिरडा कधी गोळा करतात, कोणती रानभाजी कुठे उगवते, देवराईतलं लाकूड का उचलत नाहीत, हे तिथल्या महादेव कोळी घरातल्या आजोबांकडून मुलांनी ऐकावं. त्या तासाचं मानधन ठरवून द्या आणि तेवढा वेळ तुम्ही मुलांमध्ये बसून ऐका.

रुजू होण्याआधी न विचारणं

कामाचे तास, प्रवासखर्च, विमा, मानधन हे लेखी मागा; त्यात संकोच नको. सुरुवातीला किती शिबिरं नुसतं निरीक्षण करायला मिळेल तेही विचारा. कुठल्याही मुलासोबत एकट्याने बंद खोलीत थांबू नका, पालकांच्या संमतीशिवाय मुलांचे फोटो स्वतःच्या अकाउंटवर टाकू नका. मुक्कामात मुलींच्या खोलीची जबाबदारी कोणत्या ताईकडे आहे आणि एखाद्या मुलाला तक्रार करायची असेल तर ती कुणाकडे, याची उत्तरं संस्थेकडे नावानिशी तयार नसतील तर दुसरी संस्था बघा.