टायफॉइडची कंजुगेट लस: ईडीसीला दोष देण्याआधी या चुका टाळा

कंजुगेशन, म्हणजे लशीसाठी जंतूची साखर प्रथिनाला जोडणं, फसलं की पहिला हात ईडीसीच्या, म्हणजे ही गाठ मारणाऱ्या रसायनाच्या, बाटलीकडे जातो. जोडणी कमी झाली? मग ईडीसी दुप्पट करा! मीही हे केलंय, आणि दुसऱ्या दिवशी बीकरमध्ये मॅग्नेटिक बार जेलीत रुतून बसलेला पाहिलाय. दोष बहुतेक वेळा आधीच्या पायरीत असतो.

उदाहरण टायफॉइडच्या जंतूवरच्या व्हीआय पॉलिसॅकराइडचं, म्हणजे साखरेच्या लांब साखळीचं, घेऊ. २०१८ मध्ये नवी मुंबई महापालिकेने मुलांना दिलेल्या लशीत हेच व्हीआय टिटॅनस टॉक्सॉइड या प्रथिनाला जोडलेलं होतं. नुसतं व्हीआय टोचलं तर टी-पेशींची मदत मिळत नाही, त्यामुळे दोन वर्षांखालच्या बाळांत त्याचा उपयोग होत नाही. जोडणीचा एक रुळलेला मार्ग असा: आधी प्रथिनावर ॲडिपिक ॲसिड डायहायड्राझाइड, म्हणजे एडीएच (दोन्ही टोकांना हायड्राझाइड गट असलेला दुवा), बसवायचं आणि मग ईडीसी वापरून त्याची गाठ व्हीआयच्या कार्बोक्सिल गटांशी मारायची.

पहिला घोळ बफरचा. ट्रिसमध्ये अमाइन आहे, ॲसिटेट आणि सायट्रेटमध्ये कार्बोक्सिल. हे पाहुणे तुमच्या प्रथिनाआधी ईडीसीच्या पंगतीला बसतात. प्रथिन ट्रिसमध्ये साठवलेलं असेल तर असा अडथळा न आणणाऱ्या एमईएस बफरमध्ये आणल्याशिवाय पुढे जाऊ नका. पीएच ५.५ ते ६ च्या आसपास ठेवला की प्रथिनातल्या लायसिनचे अमाइन प्रोटॉन घेऊन बहुतांशी गप्प असतात, हायड्राझाइड मात्र जागं असतं. एडीएच वापरण्याचं कारणच ते. जोडणी वाढेल या आशेने पीएच अल्कलीकडे नेलात तर ईडीसीचं काम मंदावतं, आणि फार वर गेलात तर व्हीआयवरचे ओ-ॲसिटाइल गट गळतात. ते गेले की लशीची ताकदच जाते.

पहिल्या पायरीत एडीएच सढळ हाताने घाला. कमी पडलं तर त्याची दोन्ही टोकं दोन वेगवेगळी प्रथिनं पकडतात आणि प्रथिनाचेच गठ्ठे होतात. पण सढळ घातलेलं नंतर तितकंच कसून काढावंही लागतं, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त बॅचेस इथेच जातात. उरलेलं सुटं एडीएच दुसऱ्या पायरीत व्हीआयचे कार्बोक्सिल गट फस्त करतं. त्यातून टीएनबीएस चाचणी (प्रथिनावर बसलेलं एडीएच रंगावरून मोजणारी) सुट्या एडीएचलाही रंग देते, म्हणजे आकडा छान येतो आणि जोडणी शून्य. बाहेरच्या द्रावाचे नेहमीचे तीन बदल केले म्हणून डायलिसिस (पडद्यातून सुटे लहान रेणू बाहेर काढणं) थांबवू नका. बाहेरच्या द्रावाचीच टीएनबीएस करा, रंग येईनासा होईपर्यंत.

ईडीसीची बाटली फ्रीजरमधून काढल्या काढल्या उघडू नका, आत दव धरतं. वजन सगळ्यात शेवटी. व्हीआय आणि प्रथिन आधी नीट मिसळू द्या (व्हीआय चिकट असतं, रात्रभर थंडीत विरघळू द्यावं), मग ईडीसी. जेली झालीच तर ती बॅच गेली. पुढच्या वेळी ईडीसी कमी करा आणि व्हीआयची साखळी आधी थोडी लहान करून घ्या.

आता फसवं यश. आकारानुसार रेणू वेगळे करणाऱ्या कॉलममधून शिखर पुढे सरकून, म्हणजे लवकर, आलं की सगळे खूश होतात. पण व्हीआय ऋणभारित आहे, आणि कार्बोक्सिलवर एडीएच बसल्यामुळे प्रथिनाचा ऋणभार घटलेला. कमी मिठाच्या बफरमध्ये दोघं नुसत्या विद्युतभारानेही चिकटतात. म्हणून प्रत्येक वेळी ईडीसी न घातलेला कंट्रोल लावा, कॉलम मिठाच्या बफरमध्ये चालवा, आणि सुट्या व्हीआयची डीऑक्सिकोलेट कसोटी (प्रथिन आणि त्याला जोडलेलं व्हीआय खाली बसतं, सुटं व्हीआय वर द्रावात राहतं) कंट्रोलवरही करा. कंट्रोलमध्येही व्हीआय अवक्षेपात गेलेलं दिसलं तर तुमचा आकडा खोटा आहे.

व्हीआय किती आहे हे हेस्ट्रिन या रंग-चाचणीने मोजत असाल तर एक लक्षात ठेवा: ती पद्धत ओ-ॲसिटाइल मोजते, साखळी नाही. गट गळलेले असतील तर व्हीआय भरपूर असूनही कमी दिसेल आणि तुम्ही पुन्हा ईडीसी वाढवायला निघाल. अशा वेळी तोच नमुना ओ-ॲसिटाइलवर अवलंबून नसलेल्या पद्धतीने, उदाहरणार्थ अल्कलीने तोडून एचपीएईसी-पीएडीवर (साखरेचे तुकडे कॉलमवर वेगळे करून मोजणारी पद्धत), मोजून घ्या. दोन आकड्यांत तफावत दिसली तर पीएचची नोंदवही उघडा.