साखळीने सूर्य मोजताना या चुका टाळा

शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात मुलांनी फलक लावला होता: 'सूर्य इथून 743 कोटी साखळ्या लांब.' साखळी म्हणजे जमीन मोजायची. हिशेब माझाच. पृथ्वी-सूर्य अंतर, म्हणजे एक खगोलीय एकक, 14,95,97,870.7 किलोमीटर. त्याचे मीटर केले, एका साखळीचे 20.1168 मीटर धरून भागले, झालं. एक निवृत्त भूकरमापक काका फलकासमोर बराच वेळ उभे होते. मग म्हणाले, "सर, साखळी कुठली धरलीत? आमची तेहतीस फुटी. तिनं मोजलंत तर निम्म्या वाटेवरच थांबलात की!"

खरंच होतं. त्यांच्या साखळीने 1,487 कोटी लागतात. माझ्या आकड्यावर विसंबून कुणी त्यांची साखळी टाकत गेला असता, तर बुध आणि शुक्र यांच्या कक्षांच्या मधे कुठेतरी उभा राहिला असता.

साखळी न विचारता गुणाकार

बाकीच्या चुका एका बाजूला आणि ही एका बाजूला. गंटर साखळी 66 फुटांची, 100 कड्यांची, म्हणजे 20.1168 मीटर. महसुली साखळी 33 फुटांची आणि 16 कड्यांची. 33 फूट गुणिले 33 फूट म्हणजे गुंठा, आणि त्याचे 16 आणे या साखळीवर आपोआप पडतात. इंजिनिअरांची साखळी 100 फुटांची. मेट्रिक साखळ्या 20 आणि 30 मीटरच्या. जुन्या कागदावर मात्र नुसतं 'साखळी' लिहिलेलं असतं.

ओळखायची कशी? क्षेत्र दिलेला एखादा आयताकृती तुकडा शोधा. लांबी-रुंदी साखळ्यांत गुणा आणि आलेल्या उत्तराला एकरांनी भागा. 10 च्या आसपास आलं तर 66 फुटी, 40 च्या आसपास आलं तर 33 फुटी, साडेचारच्या जवळ आलं तर 100 फुटी. कड्यांचा आकडा 16 च्या वर दिसला की 33 फुटीचा संशय तिथेच मिटतो. पाच मिनिटांचं काम आहे, मी केलं नव्हतं.

"वीस मीटरच धरू की"

शेताच्या बांधावर चालून जातं. एका साखळीमागे जेमतेम पावणेबारा सेंटीमीटर. पण हीच सूट सूर्यापर्यंत नेली की सुमारे 8 लाख 69 हजार किलोमीटर कमी भरतात, चंद्राच्या अंतराच्या दुपटीहून जास्त. आकडे गोल करायचे ते शेवटी, आधी नाही.

एकराचे मीटर

"एक प्रकाशवर्ष म्हणजे किती एकर?" असं मुलं हमखास विचारतात. एकर, गुंठा ही क्षेत्रं. त्यांची लांबी होत नाही. एकर चौरस असेल तर बाजू सुमारे 63.6 मीटर, पण गंटर साखळीने एक साखळी रुंद आणि दहा साखळ्या लांब पट्टीही एकरच. जुन्या मराठी मापांत घोळ आणखी वाढतो, कारण काठी लांबीचीही आणि क्षेत्राचीही. 20 काठ्यांचा पांड, 20 पांडांचा बिघा, हा हिशेब क्षेत्राचा आहे. शिवाय काठी हातांवर आणि मुठींवर बेतलेली, आणि हात काही सगळीकडे सारखा नव्हता. अशा मापावरून तारे मोजायला जाऊ नये, असं माझं मत.

खर्व आणि खरब

आपल्या पारंपरिक गणनेत अब्ज म्हणजे 1 वर 9 शून्यं आणि खर्व म्हणजे 1 वर 10 शून्यं. हिंदीतला खरब 11 शून्यांचा. हिंदी पुस्तकातला आकडा 'खर्व' म्हणून उतरवलात की दहापट घसरण. म्हणून मी सरळ दहाचा घात लिहितो. प्रकाशवर्ष 9.46 गुणिले दहाचा पंधरावा घात मीटर, म्हणजे 9.46 पेटामीटर, गंटर साखळ्यांत सुमारे 470 लाख कोटी. संक्षेप लिहिताना इंग्रजी पी मोठाच काढा. छोटा पी पिकोचा, आणि पेटा-पिकोत 27 शून्यांचं अंतर आहे.

दशांशाचा मोह

फूटसुद्धा एकच नाही. आजचा आंतरराष्ट्रीय फूट 0.3048 मीटर, 2022 अखेर बाद झालेला अमेरिकी सर्वेक्षण फूट त्याहून दहा लाखात दोन भागांनी मोठा. सूर्यापर्यंत हा फरक 300 किलोमीटर होतो. ऐकायला मोठा वाटतो, पण मुळातली साखळी किती नेमकी होती? पोलाद तापलं की वाढतं. दहा अंश सेल्सिअसचा फरक पडला, तर सूर्याच्या अंतरावर तो 17 हजार किलोमीटरांच्या आसपास जातो, पृथ्वीच्या व्यासाहूनही जास्त. ब्रिटिश सर्वेक्षक विल्यम लॅम्टनने 1802 मध्ये मद्रासजवळ पायारेषा, म्हणजे सर्वेक्षणाची पहिली आधाररेषा, मोजली तेव्हा 100 फुटी पोलादी साखळी उन्हापासून जपत, तापमान नोंदत मोजली होती. पृथ्वीचा आकार अशाच मोजण्यांतून कळत गेला, आणि त्या आकारावरून, शुक्राच्या अधिक्रमणाचा (शुक्र सूर्यबिंबावरून सरकतो त्याचा) आधार घेऊन, सूर्याचं अंतर. साखळीचं आणि सूर्याचं नातं मुलांनी उगाच जोडलेलं नाही. हा लॅम्टन पुढे 1823 मध्ये आपल्या हिंगणघाटला वारला. साध्या शेताच्या नोंदीला एवढी काळजी कोण घेणार? तेव्हा अशा साखळीवरून काढलेल्या उत्तरात सुरुवातीचे तीन-चार अर्थपूर्ण अंक पुरेत.

आमचा फलक आता असा आहे: 'सूर्य, 66 फुटी साखळीने सुमारे 744 कोटी.' 743 नाही. भागाकार 743.65 येतो, शेपूट मी नुसतीच कापली होती. तेही काकांनीच मोबाइलवर करून दाखवलं.