मूल धडाधड वाचतं, पण कळत नाही? या चुका टाळा

‘टिमक्या झोंबट गावी पिरकत होता.’ आता सांगा, टिमक्या कुठे पिरकत होता? झोंबट गावी. काय करत होता? पिरकत होता. दोन्ही उत्तरं बरोबर, पैकीच्या पैकी गुण. पण पिरकणं म्हणजे काय, हे कुणालाच सांगता येणार नाही, कारण हे वाक्य मी आत्ताच मनाने बनवलंय.

पहिली-दुसरीच्या मुलांकडून आपण जी ‘एका वाक्यात उत्तरे’ लिहून घेतो, त्यातली बरीचशी अशीच असतात. प्रश्नातला शब्द धड्यात शोधायचा आणि ती ओळ उतरवून काढायची. मुलं ही युक्ती फार लवकर शिकतात आणि आपण समजतो, धडा कळला. म्हणून सगळ्यात आधी प्रश्न बदला. ‘ससा कुठे झोपला?’ हे पुरे झालं. ‘कासव मागे पडलं तेव्हा सशाला काय वाटलं असेल? कशावरून?’ असं विचारा. त्या ‘कशावरून’साठी मूल पुन्हा गोष्टीत शिरतं. उत्तर तुमच्या मनातलं नसलं तरी चालेल, त्याला ओळीचा आधार मात्र हवा.

दुसरी चूक, घड्याळ लावून वाचून घेणं. केंद्र सरकारने लहान मुलांच्या वाचन-गणितासाठी २०२१ साली सुरू केलेल्या ‘निपुण भारत’ अभियानात वाचनाच्या वेगाचीही लक्ष्यं आहेत, तिसरीसाठी मिनिटाला किमान ६० शब्द. वेग लागतोच, अक्षरं जुळवण्यातच दमलेल्या मुलाच्या हाती वाक्याचा शेवट येईपर्यंत सुरुवात उरत नाही. पण ‘निपुण’ हे ज्या इंग्रजी नावाचं लघुरूप आहे, त्या नावातच ‘समजून’ वाचन आहे, आणि घरी नेमकं तेच गळतं.

आता मराठीतली खास अडचण, जिच्याकडे फारसं कुणी बघत नाही. माझ्याकडे संध्याकाळी काही मुलं वाचायला येतात. दुसरीतल्या एका मुलीने ‘विंचवाने नांगी मारली’ हे न अडखळता वाचलं. मग मान वर करून विचारलं, “विंचवा कोण?” तिला विंचू माहीत होता, तिने तो पाहिलाही होता. पण विंचूचं ‘विंचवाने’ होतं, हे तिच्या डोळ्यांना ओळखीचं नव्हतं. ससा–सशाने, पाऊस–पावसात, भाऊ–भावाला, ऊस–उसाचा: आपल्याकडे प्रत्यय लागला की शब्दाचा चेहराच बदलतो. अशा वेळी ‘विंचवा म्हणजे विंचू’ असं सांगून पुढे पळू नका. “यात कुठला प्राणी लपलाय?” असं विचारा. आठवडाभर रोज चार-पाच शब्दांचा हा खेळ खेळलो, तर नंतर तीच मला लपलेले शब्द दाखवायला लागली.

तशीच गफलत ‘तो’, ‘ती’, ‘त्याने’ची. ‘सशाने कासवाला पाहिलं आणि तो हसला.’ हसला कोण? मोठ्यांना हा प्रश्न बाळबोध वाटतो, पण बरीच मुलं इथे चुकतात. सर्वनामावर बोट ठेवून विचारत जा.

प्रत्येक चूक तिथल्या तिथे सुधारणं हीसुद्धा चूकच. विदर्भातलं मूल ‘राम शाळेत जात आहे’ हे ‘राम शाळेत जाऊन राहिला’ असं वाचेल, तर त्याला वाक्य कळलंय! त्याने ते आपल्या घरच्या बोलीत आणलंय. तिथे टोकू नका. ‘घार’चं ‘घर’ वाचलं आणि अर्थच बिघडला, तर वाक्य संपू द्या. मग विचारा, “घर आकाशात उडालं?” मूल स्वतःच मागे जाऊन बघतं.

नेमकं बिनसतंय कुठे, हे कळत नसेल तर तोच उतारा तुम्ही वाचून दाखवा आणि तेच प्रश्न विचारा. ऐकून कळलं तर अडचण अक्षरओळखीची, जोडाक्षरांची, वेगाची. तिथे वाचनाचा सराव हवा. ऐकूनही कळलं नाही तर अडचण शब्दांची किंवा अनुभवाची. फ्लॅटमध्ये वाढलेल्या मुलाने रहाट, पोहरा कधी पाहिलेलाच नसतो. तिथे दहा वेळा वाचून घेऊन उपयोग नाही; चित्र दाखवा, गावी गेल्यावर विहिरीपाशी न्या. डोळे आणि कानही एकदा तपासून घ्या. महिनोन् महिने अक्षरंच उलटसुलट होत असतील तर शिक्षकांशी बोलून तज्ज्ञांकडे जा, ओरडू नका.

पुस्तक अवघड आहे का, हे पाहायला एक पान पुरतं: पाचेक शब्द अडले तर ते सध्या बाजूला ठेवा. खालच्या इयत्तेचं पुस्तक देण्यात कमीपणा मुळीच नाही.

आणि ‘आता तुला वाचता येतं ना, मग तूच वाच’ असं म्हणून गोष्ट वाचून दाखवणं बंद करू नका. या वयात मुलांना ऐकून जितकं कळतं, तितकं स्वतः वाचून कळायला अजून काही वर्षं जातात. रात्री पंधरा मिनिटं वाचा. ऐन रंगात आल्यावर थांबा, ‘पुढे काय होईल?’ विचारा आणि मूल अंदाज बांधेपर्यंत पान उलटू नका.