आजोबांच्या बावीस इंची फ्रेमची आपल्या मापाची सायकल

आपल्या गोव्यात डिचोली, साखळी, पेडणे, कुठेही जा, कुणाच्या तरी मागच्या पडवीत एक काळी बावीस इंची फ्रेमची सायकल टेकवून ठेवलेली असतेच, हिरो नाहीतर अ‍ॅटलस. घरचे ती भंगारवाल्याला देणार असतील तर आधी थांबवा त्यांना. त्या फ्रेमचा पाइप जाड लोखंडाचा असतो, पाइप लगमध्ये, म्हणजे जोडाच्या लोखंडी खोबणीत, बसवून पितळेने ब्रेझिंग केलेलं (पितळ वितळवून जोडलेलं) असतं, म्हणून ती थोडी वाकली तर सरळ होते आणि जोड सुटला तर परत जोडता येतो. अ‍ॅल्युमिनियमच्या फ्रेमचं तसं नाही, ती वाकवायला गेलात की संपली. अ‍ॅटलसचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० ला बंद पडला, तरी या जातीच्या सायकलचे छर्रे, ते ज्यात फिरतात ते कप, कॉटर पिन (पायडलचा दांडा म्हणजे क्रँक आसाला घट्ट धरणारी खीळ) अजून बाजारात मिळतात.

पहिलं काम म्हणजे फ्रेम आतून बघणं. आपल्याकडे वर्षाला जवळजवळ ३००० मिमी पाऊस, वर खारी हवा, त्यामुळे बाहेरून चकचकीत दिसणारी फ्रेम आतून खाल्लेली असू शकते. सीट पिलरच्या, म्हणजे सीटच्या दांड्याच्या, फटीतून पाणी आत उतरतं आणि खाली बॉटम ब्रॅकेटमध्ये (क्रँकचा आस बसतो त्या नळ्यात) साचतं. सीट पिलर काढा, फ्रेम उलटी धरा, लाकडाच्या ठोकळ्याने हळू ठोका. थोडी लाल पूड पडली तर काही नाही, पण जाड खपल्या पडायला लागल्या तर स्क्रूड्रायव्हरचं टोक बॉटम ब्रॅकेटच्या पोटाला आणि चेनस्टेच्या (तिथून मागच्या चाकाकडे जाणाऱ्या पाइपांच्या) तोंडाशी जोर लावून दाबून बघा, टोक आत घुसलं तर ती फ्रेम सोडून द्या, तिच्यावर एक रुपया पण घालू नका. मग हँडलखालून पायडलकडे उतरणाऱ्या पाइपवर खालून बोट फिरवा. लगच्या जरा खाली फुगवटा किंवा सुरकुती लागली तर सायकल कधीतरी समोरून आपटलेली आहे.

मागचा चिमटा, म्हणजे मागचं चाक दोन्ही बाजूंनी धरणारे पाइप, सरळ आहे का ते बघायला साधा दोरा पुरतो. मागच्या एका ड्रॉपआउटला (चाकाचा एक्सल बसतो त्या खाचेला) दोरा बांधा, पुढे हेड ट्यूबला (हँडलचा दांडा बसतो त्या पाइपला) वळसा घालून दुसऱ्या ड्रॉपआउटला ताणून बांधा. आता सीट ट्यूबपासून दोऱ्यापर्यंत दोन्ही बाजूचं अंतर मोजा. दोन्हीकडे सारखं आलं तर सुटलात, एकदोन मिमीचा फरक चालतो, त्याहून जास्त असेल तर ज्या बाजूला अंतर कमी आहे तो चिमटा बाहेर ओढायचा. हळूहळू, ओढा, सोडा, परत मोजा. गिअरवालं चाक बसवायचं असेल तर इथेच ठरवा, कारण जुन्या सिंगल स्पीडच्या चिमट्याची रुंदी ११० मिमीच्या आसपास असते आणि आजचे हब (चाकाचा मधला गाभा) १३० किंवा १३५ चे. एवढं ताणण्यापेक्षा सिंगल स्पीडच ठेवा असं माझं मत आहे. ड्रॉपआउट लांब असतात, चाक मागे ओढून चेन ताणता येते, खाऱ्या हवेत गंजणारे, गिअर बदलणारे डिरेलर-बिरेलर नकोतच.

आता कॉटर पिन, इथे लोक घाई करून सगळं बिघडवतात. आदल्या रात्री गंज सोडवायचा स्प्रे मारून ठेवा. सकाळी नट सैल करा पण पूर्ण काढू नका, नटाचं तोंड पिनेच्या टोकाशी लेव्हलला आणा म्हणजे हातोडीचा मार बसून आटे मरत नाहीत. क्रँकच्या खाली, पिनेच्या डोक्याला मोकळी जागा सोडून, जमिनीला टेकेल असा लोखंडी पाइप उभा लावा. हा आधार नसेल तर सगळा मार छर्‍यांवर जातो आणि कपमध्ये खड्डे पडतात. मग जड हातोडीचा एकच दणका द्या, शंभर टिचक्या मारल्या तर पिन वाकते आणि मग ड्रिलशिवाय निघत नाही. नवीन पिन आणताना जुनी दुकानात घेऊन जा, जाडी जुळली पाहिजे. बसवताना दोन्ही पिना उलटसुलट, म्हणजे एका क्रँकचा नट वर असेल तर क्रँक अर्धा फेरा फिरवल्यावर दुसरीचा वर यायला हवा, नाहीतर पायडल एका रेषेत येत नाहीत. डावं पायडल उलट्या आट्यांचं असतं, तेवढं लक्षात ठेवून पाना फिरवा.

खरा खर्च आणि खरं डोकं चाकात आणि ब्रेकमध्ये जातं. २८ बाय दीडची जुनी रिम म्हणजे टायर बसतो तिथला व्यास ६३५ मिमी, त्याचा चांगला टायर मिळणं कठीण. त्याजागी ७०० सी घ्या, ती ६२२ मिमी, आणि टायर ४० मिमीचा घातला तर चाकाची एकूण उंची जवळजवळ जुन्याएवढीच राहते. हौसेने एमटीबीची (डोंगरी सायकलची) २६ इंची रिम, म्हणजे ५५९ ची, घालू नका कारण ५० मिमीचा जाड टायर घालूनसुद्धा सायकल अडीच सेमी खाली बसते आणि वळणावर पायडल घासतं. टायर घेण्याआधी चेनस्टेमधली जागा मोजा. पुढच्या चिमट्याची खाच नवीन हबच्या एक्सलला अरुंद पडली तर कानसीने दोन्हीकडे सारखी घासा. म्हापशाला शुक्रवारच्या बाजाराला जाणार असाल तर सगळी मापं कागदावर लिहून घेऊनच जा.

रिम बदलली की सळीचे ब्रेक गेले, कारण ते रिमच्या आतल्या बाजूला दाबतात आणि नव्या रिमला कडेने दाबणारे ब्रेक लागतात. ब्रेकच्या बोल्टपासून रिमपर्यंतचं अंतर लांब येतं, म्हणून लांब हाताचे कॅलिपर (रिमला दोन्ही कडांनी चिमटणारे ब्रेक) शोधायचे. त्याहून बरं म्हणजे पुढचा चिमटाच बदलून व्ही ब्रेकच्या खुंट्या असलेला घेणं, फक्त वरच्या दांड्याची जाडी आणि लांबी आपल्या हेड ट्यूबशी जुळली पाहिजे. पावसात अनमोड किंवा चोर्ला घाटाच्या उतारावर पुढचा ब्रेकच जीव वाचवतो, तिथे पैसे वाचवू नका.

गिअरिंगचं थोडक्यात. पुढे ४४ दात, मागे १८ असं बहुतेक असतं, सपाट शेतातल्या रस्त्याला ठीक, पण आपल्याकडे दर दोन वाड्यांमध्ये एक चढ असतो. मागे २० किंवा २२ दातांचं फ्रीव्हील (मागचं दातेरी चक्र) टाका, गुडघे वाचतील.

पाव विकणाऱ्या पोदेरासारखा मोठा कॅरिअर हवा असेल तर तो क्लॅम्पने आवळून बसवा. गेट-ग्रील करणाऱ्याकडून फ्रेमवर आर्क वेल्डिंग करून घेऊ नका, पाइप जळतो आणि वेल्डच्या शेजारीच पुढे चीर जाते. जोडायचंच असेल तर गॅसवर पितळेचं ब्रेझिंग करणारा गाठा, आणि आधी रंग, निकेल, जस्त सगळं घासून काढा, जस्ताचा धूर छातीला फार वाईट.

रंगाच्या आधी बॉटम ब्रॅकेटच्या पोटाला ५ मिमीचं भोक पाडा, साचलेलं पाणी तिथून जाईल. बाहेरून रेड ऑक्साइडचे दोन हात आणि वर इनॅमल, किंवा पावडर कोटिंग, दोन्ही चांगलं. पावडर कोटिंगची भट्टी १८० ते २०० डिग्रीची असते, त्याने पितळेच्या जोडाला काही होत नाही. आतून मात्र अळशीचं तयार उकळलेलं तेल (बॉइल्ड लिनसीड ऑइल) ओता, कोटिंग करणार असाल तर भट्टीतून आल्यावर, फ्रेम सगळीकडे फिरवा, उरलेलं निथळू द्या आणि उन्हाळ्यात आठवडाभर वाळवा, म्हणजे आत एक पातळ कडक थर बसतो. तेलाची चिंधी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप पेट घेते, पाण्यात बुडवून मग फेका. सीट पिलर ग्रीस लावूनच आत घाला.

पहिले काही दिवस जवळपासच चालवा. कॉटर पिना थोड्या आत सरकतात, दर फेरीनंतर ठोकून नट आवळा. नवीन तारा पण सैल होतात, तेव्हा एकदा रिमचा आऊट (फिरताना होणारी डुगडुग) काढून घ्या आणि मगच फेरीबोटीने दिवाडी बेटावर वगैरे लांब निघा.