साड्या चढवण्याआधी विभाग ठरवा

ऑनलाइन दुकानात पहिली साडी चढवण्याआधी एका एक्सेल शीटमध्ये विभाग लिहून काढा. पैठणी, इरकल, नारायणपेठ हे विभाग. रंग आणि कापड हे मात्र गुणधर्म. वूकॉमर्समध्ये (वर्डप्रेसच्या साइटवर दुकान चालवायचं प्लगइन) त्यांच्यासाठी ‘अ‍ॅट्रिब्यूट’ अशी वेगळी सोयच आहे. ‘लाल पैठणी’ असा विभाग काढलात, की पुढे प्रत्येक रंग स्वतःचा विभाग मागतो आणि मेन्यू मारुतीच्या शेपटासारखा वाढत जातो. रंगांची नावंही आधीच पक्की करा. एकीकडे ‘राणी’ आणि दुसरीकडे ‘गडद गुलाबी’ लिहिलंत, तर फिल्टर लावणाऱ्या गिऱ्हाइकाला अर्ध्या साड्या दिसणारच नाहीत. ‘इतर’ हा विभाग शक्यतो नकोच. एसकेयू, म्हणजे मालाचा ओळख-कोड, प्रत्येक साडीला वेगळा हवा, पण नुसत्या आकड्यांचा आणि शून्याने सुरू होणारा नको; एक्सेल पुढचं शून्य गिळून टाकतं. ‘पैठ-राणी-०१’ चालेल.