थंडीतल्या पहिली-दुसरीची तयारी: आधी हात तापवा, मग पेन्सिल द्या

दिवाळीची सुट्टी संपवून पोरं परत येतात आणि पंधरा दिवसांत वह्या बोलायला लागतात. जूनपासून कष्टानं वळण लावलेलं अक्षर पुन्हा वाकडं व्हायला लागतं. मीही सुरुवातीची काही वर्षं म्हणायचे, सुट्टीत विसरली. मग एका सकाळी एका पोराचा हात हातात घेतला, तर बोटं बर्फासारखी गार. त्या बोटांनी 'क्ष' कसा निघणार? तेव्हापासून माझ्या थंडीच्या तयारीत पहिलं काम ठरलेलं आहे, ऊन शोधायचं.

एका शनिवारी खडू घेऊन शाळेभर हिंडा. साडेनऊला ऊन कुठं येतं, दहाला कुठं सरकतं, त्याच्या खुणा व्हरांड्यात आणि मैदानावर करून ठेवा. सोमवारपासून सतरंजी तिथंच अंथरायची, पहिला तास तिथंच. बसायच्या आधी अंग तापवा. कोल्हापूरच्या पोरांना यासाठी वेगळं काही शिकवावं लागत नाही. शड्डू ठोका म्हटलं की अख्खा वर्ग खासबागेच्या कुस्ती मैदानात उतरल्यासारखा उभा राहतो. दहा बैठका, मोजणी दोन-दोननं, मोठ्यानं. त्यानंतर शेंगा फोडायला द्या. प्रत्येकाला भुईमुगाच्या दहा शेंगा, फोडण्याआधी हलवून अंदाज सांगायचा, आत दाणे किती. एकदाणी, दोनदाणी, तीनदाणी असे ढीग करायचे, कुठला मोठा ते बघायचं. चिमटीला काम मिळतं, गणितही होतं. मात्र शेंगा कुणाला सोसत नसतील तर ते पालकांना आधीच विचारून ठेवा.

दोन छोट्या पारदर्शक बाटल्या आणून ठेवा, एकीत खोबरेल, दुसरीत शेंगतेल. झाकणं घट्ट. संध्याकाळी जाताना दोन्ही खिडकीच्या बाहेरच्या कठड्यावर. साधारण २४ अंशांच्या खाली खोबरेल गोठतं आणि डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडची पहाट त्याहून बरीच गार असते. सकाळी पहिलं पोर आत येतं आणि ओरडतं, "बाई, तेलाचं तूप झालं!" इथं लगेच समजावून सांगायला जाऊ नका. बाटली उन्हात ठेवा आणि गप्प बसा. आधी काचेलगतचा पांढरा थर सुटतो, मग मधला गोळा सुटून तेलात तळाशी बसतो, लहान लहान होत जातो. पोरं नाक लावून बसतात. "तूप असतं तर वास आला असता की," असं त्यांच्यातलंच कुणीतरी म्हणतं. शेजारचं शेंगतेल मात्र तसंच पातळ, त्यावर प्रश्न येतात. वहीत तीन चित्रं काढून घ्या: सकाळी, थोड्या वेळानं, दुपारी. वितळलेलं खोबरेल मग उललेल्या हातांना आणि फुटलेल्या ओठांना लावायचं.

सावलीसाठी एक मीटरची सरळ काठी पुरे. २१-२२ डिसेंबरच्या सुमारास, दुपारी साडेबाराच्या आसपास, कोल्हापुरात तिची सावली साधारण ८४ सेंटिमीटर भरते. खडूनं रेघ मारून तारीख लिहा आणि दर पंधरवड्याला पुन्हा मोजा. सावली आखडत जाते, आणि मेच्या पहिल्या आठवड्यात तर भरदुपारी नाहीशी होते.

आता काड्या. दशक-एककासाठी रबरबँडची पेटी मी दरवर्षी आणायचे. गळीत हंगाम सुरू झाला की आपल्या शाळांत ऊसतोड मजुरांची मुलं येतात, बीडकडून, मराठवाड्याकडून. अशीच एक मुलगी दुसरीत येऊन बसली, आठवडाभर बोलली नाही. दहा काड्यांचा गठ्ठा बांधताना माझं रबर तुटलं तेव्हा ती उठली, दप्तरातून उसाचं वाळलेलं वाढं, म्हणजे शेंड्याचा पाला, काढलं, काड्यांभोवती फिरवलं, दोन्ही टोकांना पीळ दिला आणि टोक आत खोचलं. गठ्ठा हलेना. "बाई, मोळी अशी बांधत्यात." त्या दिवसापासून आमच्या वर्गात दशकाला मोळी म्हणतात. तीन मोळ्या, चार सुट्या, चौतीस. तिनं सगळ्यांना पीळ द्यायला शिकवला, आणि बोलायलाही लागली. म्हणून रबरबँड राहू द्या, वाढं आणून ठेवा.

या मुलांसाठी पाट्या, वह्या आणि दोन-चार जागा नोव्हेंबरातच राखून ठेवा. दाखला नाही म्हणून पोराला थांबवायचं नाही, कायदाही तेच सांगतो. शिक्षण हमी पत्रक, म्हणजे स्थलांतर करणाऱ्या मुलांच्या शिक्षणाच्या नोंदीचं कार्ड, आणलं असेल तर त्यात नोंद करा, हंगाम संपून निघताना ते भरून हातात द्या. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. त्या मातीतल्या शाळेच्या दारातून ऊसतोड्यांच्या खोपीतलं पोर परत जाणं मला सहन होत नाही.

कपाटात धुतलेले चार-पाच स्वेटर आणि कानटोप्या ठेवा. द्यायचे ते वर्गासमोर देऊ नका, मधल्या सुट्टीत बाजूला बोलावून घाला. सगळ्यांच्या स्वेटरना आतून नाव शिवायला सांगा, शाळेच्या रंगाचे सगळे सारखेच दिसतात. थंडीत पोरं पाणी पीत नाहीत, त्यासाठी दोन घंटा वेगळ्या ठरवा. रुमाल खांद्याला टाचणीनं नको, खिशात.

३ जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती. भाषण पाठ करून घेण्यापेक्षा आठवडाभर आधी घरी विचारायला लावा, आजी कितवी शिकली? एखाद्या आजीला वर्गात बोलवा. भोगीच्या आदल्या दिवशी प्रत्येकानं एकच भाजी आणायची: पावटा, घाटे, गाजर, वांगं, उसाचं कांडं. सोलणं, निवडणं, नावं लिहिणं, सगळं त्यात येतं. तिळगूळ मऊ वडीचाच आणा, पहिलीत निम्म्या जणांचे पुढचे दात पडलेले असतात, चिक्की चावत नाही. गुऱ्हाळ बघायला न्यायचं तर गुळव्याशी आधी बोला, काहिलीपासून लांब दोरी बांधून घ्या आणि दर पाच पोरांमागं एक मोठं माणूस न्या. उकळत्या रसाजवळ यात तडजोड नाही.

थंडी सरता सरता एका सकाळी खोबरेल गोठलेलं नसेल. त्या तारखेला पोरांकडून कॅलेंडरवर गोल करून घ्या आणि सतरंजी उचलून झाडाखाली न्या.